केळीकडची दोरी

बुधवार, १२ जून २०२४

आज मशीन आले. टेंपो आमच्या पायवाटेवर येईना, म्हणून डिचोलीच्या दुकानातल्या माणसांनी वरच्या रस्त्यापासून पावसात भिजत उचलून आणले. त्यांना चहा आणि उंडे पाव दिले. न्हाणीच्या बाहेर माझी सरपणाची रास असायची, तिथे ते बसवले. सरपण आता गोठ्यात. गोठ्यात गुरे नाहीत, म्हणून बरे.

मी नको म्हणत होते. घरच्या बावीला पाणी आहे, धुण्याचा दगड आहे, दोन हात आहेत. गौरेश म्हणाला, "हातांचेच बघ ना, आई." हातांना काय झाले आहे ते मला दिसत नाही. पावसात बोटे धरतात, ती या वयात सगळ्यांचीच धरतात. हे मशीन धुते आणि सुकवतेही, एकाच पोटात. पैसे सेजलच्या पगारातले. सून मोपाच्या विमानतळावर काउंटरला असते, पहाटे कंपनीची गाडी डिचोलीला येते तिला न्यायला. तिचा पैसा, मी काय बोलणार.

बसवायला आलेल्या मेकॅनिकला यांनी विचारले, "वाफ खंय जाते रे? बाहेर सोडायला नळी दिसत नाही."

"नळी नाहीच, काका. आतल्या आत वाफेचे पाणी होते आणि मोरीत जाते. भिंतीला भोक पाडायला नको."

हे म्हणाले, "म्हणजे आमच्या घरातल्यासारखेच. बाहेर काही जायचे नाही." मेकॅनिक हसला. सेजल पण हसली, खूप दिवसांनी.

गौरेशच्या म्हणण्याप्रमाणे खाणीचे ट्रक परत सुरू झाल्यापासून धुतलेले कपडे लाल होतात, म्हणून मशीन. पण पावसात कसली धूळ? मला वाटते सेजलने कामावर कोणाच्या तरी तोंडून ऐकले असेल. मे महिन्यात एकदा देवकीने कुंपणावरून तिला विचारले होते, "गो सेजल, या महिन्यातही केळीकडे सुकत घातलेस?" देवकी माझी चुलत जाऊ, पलीकडच्या घरातली. जीभ तशीच आहे तिची, मनात काही नसते. सेजलने चादर काढली आणि ओलीच आत नेली. त्यानंतर नवरा-बायको मोबाईलवर मशीन बघू लागली.

शनिवार, १५ जून

पहिल्या धुण्याला फजिती. मी कपडे भरभरून कोंबले. यांचे पंचे, दोन चादरी, माझी लुगडी, तुवाले, सगळे. चार तास ते फिरत राहिले. उघडले तर आत एक गरम ओला गोळा, वाफाळलेला, मोदकासारखा. सेजल म्हणाली, "आई, धुवायला जेवढे घालतो त्याच्या निम्मेच सुकते. सुकायला आत जागा लागते." मग निम्मे कपडे परत माझ्याच गळ्यात. मी ते स्वयंपाकघरात चुलीवरच्या दांडीवर घातले. आता यांच्या पंच्याला माशांच्या कढीचा वास.

एवढे मोठे धूड आणि निम्मे पोट.

गुरुवार, २० जून

एक गोष्ट कळली ती लिहून ठेवते. धुवून झाले, पाणी काढून झाले, आता नुसते सुकवते आहे, तरी नळाचे पाणी आत जात असते. मी नळ बंद केला तर ते किंचाळायला लागले. गौरेशला फोन केला. तो डिचोलीच्या औषध कारखान्यात गोदामावर असतो, कामावर फोन केलेला त्याला आवडत नाही. म्हणाला, "आई, वाफ थंड करायला पाणी लागते. नळ सोड."

सुकवायला पाणी लागते! मी यांना सांगितले तर हे पेपर खाली न ठेवता म्हणाले, "आणि भिजवायला ऊन लागत असेल."

तास-तास वीज, वर पाणी. महिन्याचे बिल येईल तेव्हा बघू. देवाचे वस्त्र आणि यांचे पूजेचे सोवळे मात्र मी त्यात घालणार नाही, हे सांगून टाकले. चारजणांचे कपडे जिथे एकत्र लोळतात तिथे ते नाही. ते बावीवर, हातानेच. सेजल म्हणाली, "बरे." वाद घालत नाही हे तिचे चांगले. कधी कधी वाटते, घातला तरी चालेल.

बुधवार, ३ जुलै

बारा-तेरा दिवस लिहिले नाही. पाऊस, पाठ, तेच.

मशीनची सवय होत आहे, हे कबूल करायला पाहिजे. दारातून काढल्यावर कपडे दमट वाटतात, पण झटकून दोन मिनिटे धरले की सुके. चुरगळतात फार. जाळीत करड्या रंगाचा भुसा साचतो, तो रोज काढायचा. दाराच्या रबरात यांचा मोजा अडकतो. हे पंचा हातात धरून म्हणतात, "अगो, हा पंचा की पापड?"

एक जाणवले. समोरची दोरी रिकामी, केळीकडची पण रिकामी. लहानपणापासून घर म्हटले की दोरीवर काहीतरी हलते. आमच्या घरात आता कोणी चार दिवस कोपऱ्यात बसत नाही, सून नोकरीला जाते. फक्त देवाच्या खोलीत यायचे नाही, देवाच्या नैवेद्याला आणि लोणच्याला हात लावायचा नाही आणि आपले अंथरूण-कपडे वेगळे धुऊन मागे केळीकडच्या दोरीवर घालायचे. कोणी कोणाला सांगत नाही. दोरी सांगते. चार वर्षे मी सकाळी दात घासताना मागचे दार उघडले की पहिली त्या दोरीकडे बघत आले. सेजलच्या लग्नाला चार वर्षे झाली. आता मशीन फिरते, आत काय फिरते ते दिसत नाही. मला काही कळतच नाही.

मंगळवार, ६ ऑगस्ट

श्रावण लागला. मासळी बंद, तेवढी कटकट कमी.

फ्रीजच्या दारात, चिंचेच्या डब्यामागे, एक पांढरी पेटी. इंजेक्शने. सेजलला विचारले. म्हणाली, "व्हिटामिनची आहेत, आई. अशक्तपणा आहे म्हणून." रोज संध्याकाळी खोलीचे दार लावून गौरेश तिला देतो. एवढ्या तरुण वयात साखर तर नाही ना झाली? तिच्या माहेरी आहे साखर. मी तिच्या चहात साखर कमी घालायला लागले. तिने तो तसाच प्यायला.

यांना सांगितले. हे म्हणाले, "तिच्या औषधात लक्ष घालू नको." यांचे नेहमीचेच.

रविवार, ११ ऑगस्ट

सेजलने पहिला आयतार पुजला. तुळशीपुढे पत्री मांडून, नवी साडी नेसून. आमच्याकडे श्रावणातले चार आयतार सुवासिनींनी पुजायचे. गेल्या प्रत्येक वर्षी तिचा एखाद-दुसरा चुकलेला आहे. बघू.

गुरुवार, १५ ऑगस्ट

काल सेजल गौरेशबरोबर पणजीला गेली. संध्याकाळी आली ती पांढरीफटक, दोन्ही हात पोटावर, रिक्षातून उतरताना गौरेशने धरले. "काय झाले गो?" म्हटले तर गौरेशच बोलला, "बाहेरचे खाल्ले, पोट बिघडले." पेज करून दिली. निम्मी प्यायली.

आज झेंडावंदनाची सुट्टी, दोघेही घरी. दोघेही खोलीत. मशीन मी लावले. आता मला लावता येते.

मंगळवार, २० ऑगस्ट

काल सूत-पुनव. यांनी जानवे बदलले. सेजल परत पणजीला जाऊन आली आणि आज रजेवर. आठवडाभर रजा! चवथीसाठी साठवून ठेवलेली. पलंगावर पडून आहे. मी विचारले, "बरे नाही?" म्हणाली, "बरे आहे, आई. नुसते पडायचे आहे." कळशी उचलू गेली तर गौरेश धावत आला, "ठेव ती, ठेव."

असा धावत आलेला मी त्याला याआधी पाहिला नाही.

कळशी मीच उचलून आत नेली. पण माझे मन सकाळपासून एकाच ठिकाणी आहे. आयतार दोन झाले, एकही चुकलेला नाही. देवाच्या खोलीत रोज येते, फुले काढते. मागच्या दोरीवर जूनपासून काही नाही. आंबट नको म्हणते. म्हणजे आंबट हवे म्हणायला पाहिजे, पण प्रत्येकीचे वेगळे. ती इंजेक्शने तर त्यासाठीच असतील, हल्ली शक्तीसाठी देतात म्हणे. आता उलगडले.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

देवळात जाऊन प्रसाद लावला. भटजींनी देवीच्या अंगावर पाकळ्या चिकटवल्या. मी गाऱ्हाणे मनातच घातले, "घरात पाऊल येते आहे ना?" हात जोडून उभी राहिले. गुडघे दुखायला लागले तरी हलले नाही. उजवी पाकळी पडली, देवीने हो म्हटले.

परत येताना रस्ता कधी संपला कळले नाही. देवकी फाटकाशी उभी होती.

"काय गो सुमंगल, आज भारी खुशीत?"

"प्रसाद उजवा आला."

"कसला प्रसाद?"

मी म्हटले, कशाचा नाही. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले, मग आमच्या परसाकडे, केळीकडे. "म्हणूनच म्हणते, दोन-तीन महिने दोरी रिकामी दिसते ती!" आणि माझा हात धरला. मी नाही म्हणायला पाहिजे होते. तोंडातून हसूच फुटले. तिला मात्र बजावले, कोणाला सांगू नको, तिसरा महिना भरल्याशिवाय सांगायचे नसते. तिने गळ्याची शपथ घेतली.

रविवार, १ सप्टेंबर

चौथा आयतार. चारही पूर्ण. सेजल पूजा करून तुळशीपुढे बराच वेळ बसली. उठायला मी हात दिला तर माझा हात घट्ट धरून ठेवला, सोडीना. म्हणाली, "आई, उद्या परत पणजीला जायचे आहे."

"जा. देवीचा अंगारा घेऊन जा."

अंगारा तिने कपाळाला लावला आणि उरलेला पदराला बांधला. हल्लीच्या मुली एवढ्या श्रद्धेने करतात! मला फार बरे वाटले.

सोमवार, २ सप्टेंबर

पणजीहून आली ती सरळ खोलीत. जेवली नाही. गौरेशही नाही. दमली असतील. बस सुद्धा उभ्याने मिळते.

गणपतीवर टांगायच्या माटोळीचे सामान बाजारात आले आहे. सुपारीचा घड, कांगले-माट्टुळी ही रानफळे, सगळे महाग. मी अर्धेच घेतले, उरलेले परसातले चालेल.

गुरुवार, ५ सप्टेंबर

चवथीच्या नैवेद्याच्या नेवऱ्या झाल्या. मी सारण केले आणि लाटले. मुरड सेजलने घातली. माझ्या बोटांना आता मुरड जमत नाही, दोन वर्षे झाली. कड चेपते आणि तेलात उघडते. हे काम तिचे. तिची मुरड बघावी, दोरखंडासारखी एकसारखी.

अर्ध्यावर असताना ती उठून न्हाणीत गेली. बराच वेळ आली नाही. इकडे तेल तापून धूर. मी हाक मारली, "गो सेजल, तेल जळते!" आली ती तोंड धुऊन. डोळे लाल. घरात आज कांदासुद्धा चिरलेला नाही. मी म्हटले, "मळमळते? राहू दे मग, उरलेल्या मी चेपते." ती उभी राहिली. पाटाकडे बघत. मग खाली बसली आणि घालायला लागली. सगळ्या तिनेच संपवल्या, तळल्याही.

दुपारी मशीन लावले आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली. गोल काचेतून कपडे फिरताना बघत. तासाभराने गेले तरी तिथेच. "अगो, ओल्या फरशीवर बसू नको या दिवसात." तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी कोणी परकी बाई आहे.

उद्या तय, गौरीचा उपास. देवकी आणि वरच्या घरातली विमलाकाकी येणार. देवकीच म्हणाली, गौरीपुढे सेजलची ओटी भरूया, गाजावाजा नको, चार बायकांत. मी हो म्हटले. नवा खण काढून ठेवला आहे. सेजलला सांगितले नाही. लाजेल.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

झाले ते सगळे लिहून काढते.

गौर मांडली. पत्री, पाच फळे, दिवा. देवकी आणि विमलाकाकी आल्या, बरोबर देवकीची सून. मी ताटात तांदूळ, नारळ, खण, हळद-कुंकू ठेवले आणि सेजलला हाक मारली. ती स्वयंपाकघराच्या दारात आली. उंबऱ्याच्या पलीकडे थांबली.

देवकी म्हणाली, "ये गो ये. लाजतेस काय? आम्हाला सगळे माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"बघा! आम्हालाच विचारते. सासू प्रसाद लावून आली आणि हिला अजून लपवायचे आहे. ये, बस पाटावर."

सेजलने माझ्याकडे पाहिले. ताटाकडे पाहिले. खणाकडे. मला तेव्हाही वाटले, ही लाजते आहे. मी ताट उचलून पुढे गेले.

ती म्हणाली, "मी बाहेर आहे, काकी. कालपासून."

ओरडली नाही. काउंटरवर विमान चुकलेल्या माणसाला सांगत असेल तशी बोलली. ताट माझ्या हातात. समईची वात नुसती तडतडत होती.

मग देवकीचे डोळे डब्याकडे गेले. नेवऱ्यांचा मोठा डबा गौरीच्या बाजूलाच, उद्याच्या नैवेद्याचा. "कालपासून? आणि काल तर तुमच्याकडे नेवऱ्या तळल्या. वास येत होता आमच्या घरापर्यंत." आता ती माझ्याकडे वळली. "कोणी केल्या, सुमंगल?"

सेजलने तोंड उघडले. मी तिला बोलू दिले नाही.

"मी केल्या."

"तू?" देवकीने झाकण काढले. एक नेवरी उचलून उजेडात धरली. "तुझ्या बोटांनी ही मुरड?"

"माझ्या बोटांनी."

तयच्या उपासात, गौरीसमोर, पेटत्या दिव्याला साक्ष ठेवून मी खोटे बोलले. आजवर दूधवाल्याशीही खोटे बोलले नाही कधी. विमलाकाकी उठली, म्हणाली, "चल गो देवकी, घरी माटोळी बांधायची राहिली आहे." ती थोर बाई. जाताना सेजलच्या दिशेने बघून नुसती मान हलवली. देवकी मागे वळून वळून बघत गेली.

मी ताट खाली ठेवले आणि सरळ पीठ भिजवायला घेतले. दुसरे काय करणार? उद्या गणपतीपुढे काय ठेवू? नारळ फोडला, खोवायला बसले. सेजल दारातच.

"आई, त्या टाकायच्या तर टाका. मी सांगणार होते काल. न्हाणीत गेले तेव्हाच कळले. पण सांगितले असते तर ते खरे झाले असते."

हे शब्द मी तसेच लिहिले आहेत. मला पूर्ण कळले नाहीत. नंतर तिने सांगितले ते कळले. गेले वर्षभर पणजीला डॉक्टर. इंजेक्शने रोज पोटात, पोट निळे पडेपर्यंत. चौदा तारखेला भूल देऊन काय ते काढले, पुनवेच्या दिवशी परत आत ठेवले. म्हणजे मी कळशीबद्दल लिहिले तेव्हा खरोखरच काहीतरी होते तिच्या पोटात. एवढेसे. धरले नाही. सोमवारीच डॉक्टरांनी सांगितले होते, आणि काल ते गेले.

"मला का नाही सांगितले?"

"तुम्ही प्रसाद लावला असता, आई."

मी लावला.

"यांना ठाऊक होते?"

"बाबांनीच सोन्याची साखळी मोडून दिली पहिल्या वेळी."

म्हणजे सगळ्या घराला ठाऊक. यांना, गौरेशला. मला सोडून. राग आला. मग राग धरायलाही जोर लागतो, तो नव्हता.

"आणि ते मशीन?"

तिने खाली बघत सांगितले, "काकींनी कुंपणावरून विचारले ना मे महिन्यात, त्यानंतर मला त्या दोरीवर काही घालायला हात होईना. सगळा वाडा बघतो, आई, घरन् घर. या महिन्यातही नाही, या महिन्यातही नाही."

सगळा वाडा नाही. सगळ्यात आधी मी. देवकीने तोंडाने विचारले, मी दात घासत बघितले. मी हे तिला बोलले नाही. विचारले ते भलतेच, "सुई दुखते का गो?"

"पहिले दोन दिवस. मग सवय होते."

तेवढ्यात हे आले, पाटावरचे पीठ बघितले, म्हणाले, "आणखी कशाला?" मी सांगितले. हे टोपी काढून बसले. "तुझे तू ठरव," म्हणाले. "देवाचे मी करतो, स्वयंपाकाचे तू. मला विचारू नको आणि मला सांगूही नको."

मी लाटली. कड चेपली, तेलात सोडली, उघडली. दुसरी उघडली. तिसरीही. सारण तेलात जळून काळे. सेजल उंबऱ्यापलीकडे बसून बघत होती, हात मांडीखाली घेऊन, चुकून पुढे येऊ नयेत म्हणून. मी चूल विझवली. पीठ झाकले. गणपतीला मनात सांगितले, त्या नेवऱ्या जिने केल्या तिने काल काय सोसत केल्या ते तू पाहिले आहेस. पाप असेल तर माझ्या पदरात घाल, मी मोठी आहे. उत्तर कसले येते! मला शांत वगैरे काही वाटले नाही. भीती वाटते आहे. पाकळी उजवी का पडली हेही कळत नाही. माझे विचारणेच चुकले असेल.

शनिवार, ७ सप्टेंबर. चवथ

गणपती बसले. यांनी पोथीत सांगितली तशी पूजा केली. नैवेद्याच्या ताटात त्याच नेवऱ्या, एकवीस. यांनी ताट फिरवले, पाणी सोडले, माझ्याकडे पाहिले नाही. मी डोळे मिटले होते.

संध्याकाळी आरतीला वाड्यावरची माणसे आली. देवकीपण आली, चवथीला घरोघर जायचे असते, न येऊन चालत नाही. आरती झाली. फुगडीला कोणी उभे राहिले नाही. सेजल मागच्या दारात, पडवीच्या पायरीवर. गौरेश तिच्याजवळ जाऊन येत होता.

मी प्रसादाचे ताट फिरवायला घेतले. पुरुषांनी घेतला. देवकीपाशी आले. तिने नेवरी उचलली. उचलून मुरड बघितली.

काल मी काही ठरवलेले नव्हते. माझ्या मनात होते, चवथ निभावली की झाले. पण ती तोंडाकडे नेऊ लागली आणि मला वाटले, हिला न सांगता खायला घातले तर मी दुसऱ्यांदा खोटे बोलते, आणि हिला सांगितले नाही तर सेजलने काल भर बायकांत जे सांगितले ते मी पुसून टाकते.

"देवकी," मी म्हटले, "नेवऱ्या सेजलने केल्यात. माझ्या बोटांना मुरड जमत नाही, तुला ठाऊक आहे. घ्यायची तर घे."

"चवथीच्या दिवशी असे सांगतेस?"

"खाण्याआधी सांगते."

"आणि देवाला दाखवल्यास त्या?"

"दाखवल्या."

देवकीने नेवरी ताटाच्या कडेला परत ठेवली, हात साडीला पुसला. भांडली नाही. मला वाटले होते भांडेल. नुसती म्हणाली, "तुझी सून, तुझा देव," आणि चपला घालून गेली. तिच्या मागोमाग आणखी दोघी. विमलाकाकीने एक घेतली आणि पदराखाली धरली. खाल्ली की नाही ते मी बघितले नाही. उद्या सर्वण गावभर बोभाटा होईल. होऊ दे. मला त्याची काळजी वाटत नाही असे नाही, पण आज करायला अंगात बळ नाही.

घर रिकामे झाल्यावर मागे गेले. पाय भरून आले होते. सेजलच्या शेजारी पायरीवर बसले, ताट मध्ये ठेवले. देवकीने परत ठेवलेली ती नेवरी उचलून मोडली, अर्धी तिला दिली, अर्धी मी खाल्ली.

ती चावत राहिली. मग म्हणाली, "आई, गूळ कमी पडला."

पडलाच होता.